समासातली भूमिती

जुन्या पुस्तकाची शिवण सुटली की ते बाइंडरकडे जाते. तो फर्मे नव्याने शिवतो, पुठ्ठा चढवतो आणि शेवटी कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी सुरी फिरवतो. एरवी त्यात काही बिघडत नाही, समास थोडा अरुंद होतो इतकेच. पण पुस्तक १४८२ साली व्हेनिसमध्ये छापलेले युक्लिडचे ‘एलिमेंट्स’ असेल, तर त्या सुरीखाली त्रिकोणाचा कोपरा उडतो, वर्तुळाची कड जाते, बिंदूचे नाव सांगणारे अक्षर बाइंडरच्या केराच्या टोपलीत पडते. कारण या पुस्तकातल्या चारशेहून अधिक आकृत्या मजकुरात नाहीत. त्या बाहेरच्या समासात आहेत.

सव्वापाचशेहून अधिक वर्षांत असे पुस्तक एकदा तरी नव्याने बांधले जातेच, बहुतेकदा दोन-तीनदा. त्यामुळे एखादी प्रत विक्रीला आली की जाणता गिऱ्हाईक मजकुराकडे आधी बघतच नाही. तो पानांच्या कडा चाळतो. किती आकृत्या अखंड आहेत, किती ‘हजामत’ झालेल्या आहेत, याची मनात बेरीज करतो. किमतीचा फरक तिथेच पडतो, आणि तो लहानसहान नसतो. या आवृत्तीची बरी प्रत लाख डॉलरच्या पुढे जाते.

मजकुरासाठी ही पुस्तके कोणी घेत नाही. युक्लिड फुकट मिळतो. शाळेत ज्याने समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय घोकले, त्याच्या डोक्यात तो आधीपासूनच आहे. संग्राहक पैसे मोजतो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. भूमितीच्या पुस्तकात आकृती आणि अक्षर एकमेकांना सोडून राहू शकत नाहीत; पानावर त्यांचा संसार कसा लावायचा, हे कोडे प्रत्येक मुद्रकापुढे नव्याने आले आणि प्रत्येकाने ते आपापल्या परीने सोडवले. जुन्या युक्लिडांची रांग ही या उत्तरांची रांग आहे.

युक्लिड इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास अलेक्झांड्रियात होऊन गेला असे मानतात. त्याच्या हातची एक ओळही उरलेली नाही. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस नावाच्या गावाच्या प्राचीन उकिरड्यात ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रजांनी १८९६-९७ मध्ये खोदकाम केले, तेव्हा पपायरसचा एक फाटका तुकडा निघाला. त्यावर दुसऱ्या खंडातले पाचवे प्रमेय आणि त्याची ओबडधोबड आकृती आहे. हा तुकडा आज पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जपून ठेवलेला आहे. तारीख घातलेले पूर्ण हस्तलिखित पाहायचे तर ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जावे लागते. ते ८८८ साली स्टीफन नावाच्या लेखनिकाने अरेथास या विद्वान धर्मगुरूसाठी उतरवले. अरेथासने किती पैसे मोजले तेही त्यातच नोंदलेले आहे: सोन्याची १४ नाणी. युक्लिडच्या संग्राहकांत नाव आणि किंमत दोन्ही ठाऊक असलेला हा पहिला माणूस म्हणायला हरकत नाही.

पण बाजारात फिरतो तो छापील युक्लिड, आणि त्याची सुरुवात एर्हार्ड राटडोल्टपासून होते.

राटडोल्ट मूळचा जर्मनीतल्या ऑग्सबर्गचा. व्हेनिस त्या काळी छपाईची पेठ होती. तिथे त्याने छापखाना घातला आणि २५ मे १४८२ रोजी ‘एलिमेंट्स’ची छपाई संपवली. मजकूर लॅटिन, तोही थेट ग्रीकवरून आलेला नव्हे. ग्रीकचे अरबी, अरबीचे लॅटिन, आणि त्यावर तेराव्या शतकात नोव्हाराच्या कंपानुसने केलेले संस्करण, असा तो फिरून आला होता. व्हेनिसचा प्रमुख, डोजे जोव्हान्नी मोचेनिगो, याला केलेल्या अर्पणात राटडोल्टने आपली बढाई मोकळेपणाने मारली आहे. शहरात एवढी पुस्तके छापली जातात, मग गणिताची का नाहीत, तर आकृत्या कशा छापायच्या हे कोणाला जमत नाही म्हणून. आणि आपल्याला ते बऱ्याच खटपटीनंतर साधले, असा त्याचा सूर. काही मोजक्या प्रतींत हे अर्पण चक्क सोन्याच्या अक्षरांत छापलेले आहे. अशी प्रत बाजारात येणे म्हणजे दुर्मीळ योग.

पहिले पान डोळ्यांसमोर आणले तर त्याची बढाई खोटी वाटत नाही. मुखपृष्ठ असे नाहीच. ती पद्धत अजून रुळायची होती. पान उघडते ते थेट मजकुरावर. वर लाल शाईतले शीर्षक, बाजूंना काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या वेलींची नक्षी, आणि बिंदूच्या व्याख्येने होणारी सुरुवात. उजवीकडच्या समासात बिंदू, रेषा, कोन, वर्तुळ अशी एकाखाली एक चित्रे, प्रत्येकाजवळ त्याचे नाव. मजकुराचा ठोकळा घट्ट, काळाभोर. समास मात्र ऐसपैस. डोळा डावीकडे वाचतो आणि उजवीकडे पाहतो. वर्गात गुरुजी बोलता बोलता फळ्याकडे हात करतात, तसे काहीसे.

या आकृत्या छापल्या कशा, यावर अजून खल चालतो. लाकडावर कोरलेले ठसे असावेत, असा जुना समज. पण रेषा इतक्या बारीक आणि एकसारख्या आहेत की धातूच्या पातळ पट्ट्या हव्या तशा वाकवून, जुळवून बसवल्या असाव्यात, असे काही अभ्यासकांना वाटते. शिवाय पहिल्या काही पानांची खिळ्यांची जुळणी दोन निरनिराळ्या प्रकारची सापडते. एकच तारीख, एकच छापखाना, पण पाने दोन तऱ्हेची. संग्राहकाला एवढे पुरते. तो दोन्ही तऱ्हा मिळवायच्या मागे लागतो, आणि घरच्यांना एकच पुस्तक दोनदा का घेतले ते समजावत बसतो.

राटडोल्टनंतर भांडण लागले ते आकृत्यांवरून नव्हे, मजकुरावरून. १५०५ मध्ये व्हेनिसच्याच बार्तोलोमेओ झांबेर्तीने ग्रीकवरून थेट लॅटिन भाषांतर छापले आणि कंपानुसवर तोंडसुख घेतले. अरबीचा वळसा घेऊन आलेल्या मजकुराने युक्लिड नासला, असे त्याचे म्हणणे. त्याला उत्तर द्यायला लुका पाचोली उभा राहिला. जमाखर्चाच्या दुहेरी नोंदीची पद्धत पहिल्यांदा छापून मांडणारा आणि लिओनार्दो दा व्हिंचीचा मित्र म्हणून ज्याची ओळख आहे, तोच हा पाचोली. त्याने १५०९ मध्ये कंपानुसचा मजकूर दुरुस्त करून नव्याने काढला आणि त्यात आपले एक व्याख्यानही घातले. ते त्याने ११ ऑगस्ट १५०८ रोजी व्हेनिसच्या सॅन बार्तोलोमेओ चर्चमध्ये युक्लिडच्या पाचव्या खंडावर दिले होते. गुणोत्तर आणि प्रमाण ऐकायला माणसे चर्चमध्ये जमत, यावर आज विश्वास बसणे कठीण. पॅरिसमध्ये १५१६ साली निघालेल्या आवृत्तीने मात्र शहाणपणा केला आणि कंपानुस व झांबेर्ती दोघांनाही एकाच पुस्तकात जागा दिली.

याच काळातली एक गंमत संग्राहकांना फार प्रिय आहे. कितीतरी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव ‘मेगाराचा युक्लिड’ असे आहे. मेगाराचा युक्लिड हा सॉक्रेटिसचा शिष्य, तत्त्ववेत्ता. भूमितीकार युक्लिडच्या शंभरएक वर्षे आधीचा. नावसाधर्म्यामुळे दोघांची गल्लत झाली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या छापली जात राहिली. १५७२ मध्ये इटलीतल्या पेझारो इथे फेदेरिको कमांदिनोने आपल्या लॅटिन आवृत्तीत ही चूक सुधारली, तेव्हा कुठे ती हळूहळू मागे पडली.

मूळ ग्रीक मजकूर छापून यायला १५३३ साल उजाडले. बाझेलमध्ये योहान हेरवागेनच्या छापखान्यात, सिमोन ग्रिनेयसच्या संपादनाखाली तो निघाला. भूमितीच्या मुद्रणात याला महत्त्व आहे ते आणखी एका कारणाने. आकृत्या समासातून उठून मजकुरात आल्या. ओळी आखूड करून, खिळ्यांच्या मध्ये जागा सोडून तिथे आकृतीचा ठोकळा बसवला. बाइंडरच्या सुरीची भीती संपली. पण जुळाऱ्याचे काम वाढले, आणि राटडोल्टच्या पानात जो मोकळा वारा खेळत होता तो गेला. सोय झाली, देखणेपण थोडे हरवले. निदान दोन्ही पाने शेजारी ठेवली तर असे वाटल्याशिवाय राहत नाही.

सपाट कागदावर सपाट आकृती एकवेळ छापता येते. अकराव्या खंडापासून युक्लिड घनाकृतींकडे वळतो, तिथे खरी पंचाईत. एक पातळी दुसऱ्या पातळीला छेदते, पिरॅमिड उभा राहतो, आणि वाचणाऱ्याला कागदावर दिसतो तो रेषांचा गुंता. १५७० मध्ये लंडनच्या जॉन डेने छापलेल्या पहिल्या इंग्रजी युक्लिडने यावर जो तोडगा काढला, त्याला तोड नाही. अकराव्या खंडात काही आकृत्यांवर कागदाच्या झडपा चिकटवल्या. झडप उचलली की पिरॅमिडच्या बाजू उभ्या राहतात, टोके जुळतात आणि बोटांच्या चिमटीत घनाकृती तयार होते. आजकाल मुलांच्या पुस्तकांत पान उघडताच किल्ला उभा राहतो, त्याच जातीची ही करामत.

साडेचारशे वर्षे बोटे लागल्यावर अशा झडपांचे जे व्हायचे ते होते. काही फाटतात, काही डिंक सुटून गळतात. म्हणून या पुस्तकाचा सौदा झडपा मोजल्याशिवाय पुरा होत नाही. सुरुवातीला जॉन डी या गणिती-ज्योतिषाची प्रसिद्ध प्रस्तावना आहे, आणि तिच्यासोबत गणिताच्या सगळ्या शाखांचा वंशवृक्ष दाखवणारा एक मोठा घडीचा तक्ता. तोही हमखास गायब असतो. मुखपृष्ठावर, अर्थातच, ‘मेगाराचा’ युक्लिड.

भाषांतर हेन्री बिलिंग्जलीचे. हा लंडनचा व्यापारी, पुढे शहराचा लॉर्ड मेयर झाला. व्यापाऱ्याला एवढे ग्रीक कुठून येणार, खरे काम जॉन डीचेच असणार, अशी कुजबुज पुढची तीन शतके चालली. तिचा निकाल लागला तो एका जुन्या प्रतीने. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या ग्रंथालयात जॉर्ज ब्रूस हाल्स्टेड या गणितज्ञाला एक जाडजूड पुस्तक आढळले. त्यात १५३३ चा ग्रीक युक्लिड आणि एक लॅटिन युक्लिड एकत्र बांधलेले होते, आणि पानोपानी बिलिंग्जलीच्या हातच्या टिपा होत्या. दुरुस्त्या, ग्रीक आणि लॅटिनमधले फरक, सगळे. हाल्स्टेडने १८७९ मध्ये हे प्रसिद्ध केले. व्यापाऱ्याला ग्रीक येत होते, आणि त्याने ते घाम गाळून वापरले होते.

संग्राहकांचे दोन पंथ इथे पडतात. एकाला प्रत कोरीकरकरीत हवी: डाग नको, शाईचा ठिपका नको, मूळ बांधणी हवी. दुसऱ्याला समासात कोणी विद्यार्थ्याने गिरवलेली चुकीची आकृती, खोडलेले अक्षर, लॅटिनमध्ये वैतागून मारलेला शेरा दिसला की आनंद होतो. युक्लिड हे शतकानुशतके शाळेचे पुस्तक होते, आणि शाळेच्या पुस्तकाने स्वच्छ राहायचे म्हणजे ते कोणी वाचलेच नाही. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात न्यूटनची युक्लिडची प्रत आहे, आयझॅक बॅरोने संपादलेली, त्याच्या टिपांसकट. ती कोरी असती तर तिला कोण विचारते? बिलिंग्जलीची प्रत तर कोणी रसायनाने धुऊन ‘स्वच्छ’ केली असती म्हणजे पुरावाच गेला असता. गेल्या दोन शतकांत अशी धुलाई पुष्कळ झाली आहे. दुसरा पंथ उशिरा वाढला, हे दुर्दैव.

युरोपात छापलेला प्रत्येक युक्लिड युरोपीय वाचकांसाठीच होता असे नाही. रोममध्ये मेदिची घराण्यातल्या कार्डिनलच्या पैशावर चालणारा पौर्वात्य भाषांचा छापखाना होता. त्याने १५९४ मध्ये अरबीत युक्लिड काढला. नाव नसीरुद्दीन अल-तुसी या पर्शियन गणितज्ञाचे, पण तो मजकूर त्याचा नव्हे, असे आता मानतात. टाइप मात्र रोबेर ग्रांजाँ या फ्रेंच कारागिराचा, आणि अरबी वळणाला इतका प्रामाणिक की पान पाहून छापील आहे की हस्तलिखित, असा क्षणभर संभ्रम पडावा. शेवटी तुर्की सुलतान तिसरा मुराद याचे १५८८ चे फर्मान छापलेले आहे. अरबी, फारसी, तुर्की छापील पुस्तके घेऊन येणाऱ्या युरोपीय व्यापाऱ्यांना आपल्या मुलखात अडवू नये, असा त्याचा आशय. एवढी तजवीज करूनही धंदा बसला. पूर्वेच्या वाचकाला हस्तलिखिताची सवय आणि गोडी होती. छापील गठ्ठे इटलीत पडून राहिले. याच्या उलट नशीब चिनी युक्लिडचे. जेझुइट पाद्री मातेओ रिच्ची आणि त्याचा चिनी सहकारी शू ग्वांगची यांनी पहिल्या सहा खंडांचे भाषांतर १६०७ मध्ये बीजिंगमध्ये काढले, आणि भूमितीला त्यांनी योजलेला ‘जिहे’ हा शब्द चीनमध्ये आजही चालतो. उरलेले नऊ खंड यायला १८५७ साल उजाडले.

या सगळ्या छापील आवृत्त्यांच्या मुळाशी एक गफलत होती. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या थेऑनने युक्लिडचे संपादन केले होते आणि पुढची ज्ञात हस्तलिखिते त्यावरूनच उतरलेली होती. याचा छडा लागला तो नेपोलियनच्या लुटीमुळे. इटली जिंकल्यावर तिथल्या ग्रंथालयांतून निवडक ठेवा पॅरिसला हलवला गेला. निवड करणाऱ्यांत गास्पार मोंज होता, जो स्वतःच मोठा भूमितीकार. व्हॅटिकनमधून आलेल्या हस्तलिखितांपैकी १९० क्रमांकाचे ग्रीक हस्तलिखित १८०८ मध्ये फ्रांस्वा पेरार वाचू लागला आणि त्याच्या ध्यानात आले की हा पाठ थेऑनच्या आधीच्या परंपरेतला आहे. नेपोलियन हरला, लूट परत करायची वेळ आली, तेव्हा आपली आवृत्ती पुरी होईपर्यंत हे एवढे पॅरिसमध्ये राहू द्या, अशी पेरारने गळ घातली आणि ती मान्य झाली. ग्रीक, लॅटिन आणि फ्रेंच शेजारी शेजारी छापलेले त्याचे तीन खंड १८१४ ते १८१८ या काळात निघाले. दिसायला रुक्ष, पण मागची हकिकत ठाऊक असलेला संग्राहक ते हातचे सोडत नाही.

आणि मग ऑलिव्हर बर्न. युक्लिडच्या संग्राहकाला एकच पुस्तक ठेवायची मुभा दिली तर निम्मे लोक राटडोल्ट ठेवतील आणि उरलेले निम्मे बर्न.

बर्न आयरिश. पुस्तकावर त्याने आपला हुद्दा लिहिला आहे तो दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवरच्या ब्रिटिश वसाहतींचा सर्व्हेयर असा. १८४७ मध्ये लंडनच्या विल्यम पिकरिंगने त्याचे पुस्तक काढले, छपाई चिझिक प्रेसच्या चार्ल्स व्हिटिंगहॅमची. यात युक्लिडचे पहिले सहा खंड आहेत, पण कोपऱ्यांना अक्षरे जवळपास नाहीतच. ‘कोन अबक’ असे म्हणायचे असेल तिथे ओळीच्या मध्येच एक छोटासा रंगीत कोन छापलेला. ‘रेषा अब’ ऐवजी लाल किंवा निळी रेघ. सगळा कारभार लाल, पिवळा, निळा आणि काळा एवढ्या चार रंगांत. पायथागोरसच्या प्रमेयाचे पान उघडले की त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर रंगीत चौकोन भक्कम उभे, आणि खाली सिद्धतेत त्याच चौकोनांचे चिमुकले तुकडे वाक्यांत शब्दासारखे पेरलेले. आकृती आणि अक्षर यांचा साडेतीनशे वर्षांचा झगडा बर्नने मिटवला तो असा: अक्षरच हद्दपार.

छापणाऱ्याचे हाल काय झाले असतील ते कल्पनेनेच समजावे. रंगागणिक वेगळा ठसा, रंगागणिक कागद पुन्हा यंत्राखाली. लाल रेषेचे टोक निळ्या रेषेच्या टोकाला नेमके भिडले पाहिजे, केसभर सरकले की कोन उघडा पडतो. व्हिटिंगहॅमच्या कामगारांनी ते सांभाळले. किंमत २५ शिलिंग, म्हणजे ज्यांच्यासाठी पुस्तक होते त्या शिकणाऱ्या मुलांच्या आवाक्याबाहेरची. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते कौतुकाने मांडले गेले, पण खप नव्हता. १८५३ मध्ये पिकरिंगचे दिवाळे निघाले.

शिकायला ते खरोखर सोपे आहे का? प्रामाणिक उत्तर: फारसे नाही. रंगांचे अर्थ पानागणिक बदलतात आणि लांब सिद्धतेत डोळा रंगांचाच हिशेब करत राहतो. खडूने फळ्यावर शिकवणाऱ्या मास्तरांना तर त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पण हातात घेतले की हे सगळे आक्षेप गळून पडतात. कागदाने मात्र दगा दिला आहे; बहुतेक प्रतींवर तपकिरी डागांची पुरळ उठलेली असते. निर्मळ प्रतीला म्हणूनच वेगळा भाव. बाकीच्यांसाठी २०१० मध्ये ताशेन प्रकाशनाने हुबेहूब पुनर्मुद्रण काढले आहे, आणि ते घेण्यात कमीपणा मानायचे कारण नाही.

मोठे संग्रह शेवटी ग्रंथालयांत विसावले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला १८७० मध्ये जॉन ग्रेव्ह्ज याने दहा हजारांहून जास्त पुस्तके ठेवली, त्यांत युक्लिडच्या आवृत्त्यांचे मोठे दालन आहे. हा ग्रेव्ह्ज पेशाने वकील. पण गणितज्ञ हॅमिल्टनशी पत्रव्यवहार करता करता १८४३ मध्ये त्याने आठ घटकांची एक नवी संख्यापद्धती शोधली. छापायला उशीर झाला, आर्थर केलीने १८४५ मध्ये ती आधी प्रसिद्ध केली, आणि नाव केलीचे लागले. पुस्तके गोळा करताना मात्र ग्रेव्ह्जने उशीर केलेला दिसत नाही. दुसरे नाव चार्ल्स थॉमस-स्टॅनफर्ड यांचे. ब्रायटनचे एकेकाळचे महापौर. त्यांनी १९२६ मध्ये युक्लिडच्या जुन्या आवृत्त्यांची सूची प्रसिद्ध केली. आजही विक्रेते आपल्या यादीत त्यांचा क्रमांक टाकतात. त्या क्रमांकाशिवाय जुना युक्लिड म्हणजे जन्मदाखल्याशिवाय मूल.

पैसा आला की लबाडीही येते. हरवलेले पान दुसऱ्या अपुऱ्या प्रतीतून काढून घालणे ही जुनीच चाल. आकृतीचा कापलेला कोपरा नवा कागद जोडून पेनाने पुरा करणे ही त्याहून सोपी; पान उजेडासमोर धरले तर जोड दिसतो, आणि विक्रेता सज्जन असेल तर आधीच सांगतो. पण कधी कधी अख्खे पुस्तकच नवे निघते. २००५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या बाजारात गॅलिलिओच्या १६१० मधल्या ‘सिडेरियस नन्सियस’ची एक प्रत आली. तिच्यात चंद्राची रंगवलेली चित्रे होती. तज्ज्ञांनी ती तपासली, अस्सल ठरवली, तिच्यावर ग्रंथ लिहिले. २०१२ मध्ये इतिहासकार निक वाइल्डिंग यांनी छपाईतल्या बारीक खुणांवरून दाखवून दिले की ती बनावट आहे. ती बनवून घेणारा मारिनो मास्सिमो दे कारो हा नेपल्सच्या जिरोलामिनी या ऐतिहासिक ग्रंथालयाचा प्रमुख झाला होता, आणि तिथलीच पुस्तके चोरल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. कुंपणानेच शेत खाल्ले.

मराठी वाचकाला वाटेल, हा सगळा समुद्रापलीकडचा मामला. तसे नाही. मुंबईच्या ग्रंथसंग्रहालयांत १८६७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांना ‘दोलामुद्रिते’ म्हणतात. म्हणजे मुद्रण पाळण्यात असतानाची पुस्तके. युरोपात हाच मान १५०० सालापर्यंतच्या पुस्तकांना आहे आणि राटडोल्टचा युक्लिड त्यांत येतो. मराठी छपाईच्या या पाळण्यातही गणित होते. कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी १८२० च्या दशकात मुंबईत शास्त्रीमंडळींच्या मदतीने हटनच्या इंग्रजी पुस्तकांवरून मराठी गणिताची पुस्तके तयार केली. त्या वेळी मुंबईत शिळाछाप रुजत होता. शिळाछापात राटडोल्टचे कोडे मुळात पडतच नाही: अक्षर आणि आकृती दोन्ही एकच हात दगडावर उतरवतो, खिळ्यांची जुळणी नाही की ठोकळ्याला जागा सोडणे नाही. पुढे मॅट्रिकच्या परीक्षेसाठी युक्लिड आला तो इंग्रजीतून. टॉडहंटरची १८६२ ची शालेय आवृत्ती इथल्या कितीतरी पिढ्यांनी घोकली. त्या आवृत्तीला लिलावात कोणी विचारत नाही, आणि म्हणूनच बेताच्या खिशाने सुरुवात करणाऱ्याने तिच्यापासून करावी.

पण इकडच्या संग्राहकाने खरा डोळा ठेवावा तो ‘रेखागणिता’वर. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या पंडितांनी अल-तुसीच्या अरबी ग्रंथावरून युक्लिड संस्कृतात आणला. पंधरा अध्याय, ४७८ प्रमेये. प्रमेयाला तिथे ‘शकल’ म्हटले आहे. संस्कृतात शकल म्हणजे तुकडा, पण इथे तो अरबीतला आकृतीवाचक ‘शक्ल’ आहे. आपली ‘शक्कल’ त्याचीच नात. हा ग्रंथ छापला गेला मुंबईत, बॉम्बे संस्कृत सीरीजमध्ये, दोन भागांत, १९०१ आणि १९०२ साली. काम हरिलाल हर्षदराय ध्रुव यांनी हाती घेतले होते. त्यांच्या निधनानंतर कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांनी ते संपादून पुरे केले.

त्यातल्या आकृत्यांवरची अक्षरे पाहावीत. पहिला बिंदू अ, दुसरा ब, तिसरा ज, चौथा द. वर्णमालेच्या क्रमात हे कुठेच बसत नाही. बसते ते अरबीच्या ‘अबजद’ क्रमात: अलिफ, बे, जीम, दाल. आणि तो क्रम ग्रीकच्या आल्फा, बीटा, गामा, डेल्टाशी ओळीने जुळतो. युक्लिडच्या त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर जी अक्षरे होती तीच बगदादमार्गे, लिपी बदलत, जयपूरला आली. इंग्रजीवरून मराठीत आलेल्या भूमितीत मात्र ए, बी, सी यांचे अ, ब, क झाले आणि ‘त्रिकोण अबक’ शाळाशाळांतून घुमला. म्हणून कधी एखाद्या वाड्याच्या माळ्यावर मुखपृष्ठ गेलेले, कसरीने खाल्लेले, सालाचा पत्ता नसलेले देवनागरी भूमितीचे पुस्तक हाती लागलेच, तर आधी त्रिकोणाच्या तिसऱ्या कोपऱ्यावर नजर टाकावी. तिथे क आहे की ज, एवढे बघावे.